करमत नाही

२०१८ च्या जानेवारीत ब्रिटन सरकारने एकटेपणाचा प्रश्न हाताळायला चक्क एक मंत्री नेमला. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलवर दोन दिवस नुसता दंगा. 'एकटेपणा राज्यमंत्री, प्रभार अर्थातच स्वतंत्र' वगैरे. २०२१ मध्ये जपाननेही असा मंत्री नेमला. २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी एकटेपणाला साथ म्हटलं आणि त्याची तुलना सिगारेटींशी केली. २०२५ च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा अहवाल आला : जगात दर सहा माणसांतल्या एकाला एकटेपणा ग्रासतो. आता त्या हॉस्टेलवाल्यांपैकी कुणी हसत नाही. निम्मे परदेशात आहेत, आणि उरलेल्यांशी बोलायचं तर आधी कॅलेंडर बघावं लागतं.

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकते. भाषा सगळी आजाराची आहे. साथ, लक्षणं, जोखीम, उपचार. आजार म्हटला की तो एका माणसाला होतो, मग त्या माणसानेच औषध घ्यायचं : छंद जोपासा, मेडिटेशन करा, स्क्रीन टाइम कमी करा, 'स्वतःशी मैत्री करा' (हे तर मला कधीच जमलेलं नाही). मराठीत मात्र रोजच्या बोलण्यात आपण वेगळाच शब्द वापरतो. नवीन नोकरीवर गेलेल्या पोराला कुणी 'तुला एकटेपणा जाणवतो का रे?' असं विचारत नाही. विचारतात, 'करमतं का तिथे?' आणि उत्तर येतं, 'इथे करमत नाही.' त्या 'इथे'कडे जरा नीट बघा. दोष माणसाला दिलेला नाही, जागेला दिलाय. जागेत, तिथल्या व्यवस्थेत काहीतरी कमी आहे, असं आपली भाषा सरळ सांगते.

हे नुसतं शब्दांचं खेळणं आहे की त्यात खरंच काही आहे, हे बघायला एक जुनं शहर घेऊ. १९२१ ची मुंबई.

त्या वर्षीच्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. शंभरातले सुमारे चौऱ्यांशी लोक शहराबाहेर जन्मलेले. आणि दर हजार पुरुषांमागे बायका किती? सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे ढोबळमानाने दोन पुरुषांमागे एक बाई. यात शेठ-सावकारांची, कारकुनांची भरलेली घरंही आली. ती वजा करून नुसत्या गिरणगावाचा विचार केला, तर परळ-लालबागच्या रस्त्यांवर काय दृश्य असेल याची कल्पना करता येईल. एवढे सगळे पुरुष, आणि त्यातल्या बहुतेकांचं कुटुंब दीडदोनशे मैलांवर. कुणाचं रत्नागिरीत, कुणाचं सातारा-कोल्हापूरकडे, कुणाचं त्याहून लांब.

हे पुरुष एकटे का आले? बायकापोरं आवडत नव्हती म्हणून नक्कीच नाही. कावसजी दावरांची पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं गिरणीचा पगार एका माणसाच्या जिवावर कुटुंब मुंबईत ठेवावं इतका क्वचितच असे. शिवाय नोकरीचा भरवसा नाही. बदली कामगार सकाळी गेटवर उभा राहायचा, मुकादमाने आत घेतलं तर रोज मिळणार. जागेचं तर विचारूच नका. सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. ही ज्यांनी कुटुंब आणायची हिंमत केली त्यांची गत. मग १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे त्याच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फूट. आमच्या ऑफिसातली सहा जणांची मीटिंग रूम साधारण तेवढीच आहे, आणि तिच्यात तासभर बसलो तरी जीव गुदमरतो.

आजारपणाचा विमा नाही, म्हातारपणी पेन्शन नाही. कामगार विम्याचा कायदा झाला १९४८ मध्ये, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ मध्ये. त्याआधी जवळपास शंभर वर्षं ही सगळी खाती सांभाळली कुणी? गावाने. म्हणजे गावातल्या तुटपुंज्या शेतीने आणि घरातल्या बायकांनी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले, ते जाणार कुठे होते? गावीच. आमच्या भाषेत सांगायचं तर गाव ही डिझास्टर रिकव्हरी साइट होती. फरक इतकाच की आमच्या डेटा सेंटरचं भाडं कंपनी भरते, आणि गाव गिरणीमालकांना फुकट पडलं. माणूस लहानाचा मोठा गावाने करायचा, आजारी पडला की गावाने सांभाळायचा, थकला की गावाने परत घ्यायचा. मधली धडधाकट वर्षं तेवढी गिरणीची.

(दुसरी बाजूही सांगायला हवी. १९२८ चा संप सहा महिने चालला, त्याचं एक कारण म्हणजे हजारो कामगार सरळ गावी निघून गेले. ज्याला परतायला घर आहे तो जास्त दिवस ताणू शकतो.)

तर हा एकटेपणा कुणाच्या मनात उगवलेला नव्हता. तो पगारपत्रकात आणि खोलीच्या नकाशातच होता. आणि म्हणून मला जास्त रस आहे तो पुढच्या गोष्टीत : या माणसांनी त्यावर काय केलं?

त्यांनी खोल्या घेतल्या. एकट्याने नव्हे, गावाने मिळून. आजऱ्या-चंदगडकडच्या, कोकणातल्या कितीतरी गावांच्या अशा गावकीच्या खोल्या गिरणगावात होत्या. माझे आजोबा (आईचे वडील) लांजा तालुक्यातले. १९५१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि सरळ शिवडीला गावच्या खोलीवर गेले. खोलीत तेव्हा चौदा जण होते. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. तीन पाळ्या असल्यामुळे चौदा जण एका वेळी कधी झोपतच नसत. रातपाळीवाला परत आला की पहिल्या पाळीवाल्याची वळकटी रिकामी झालेली असायची. नोकरी लागेपर्यंत नव्या पोराकडून भाडं घ्यायचं नाही. नोकरी लागली की वर्गणी सुरू, आणि मग गावाला गेलात तरी भरायची. आजारी माणसाला गावी पोचवायला एकाने बरोबर जायचं, त्याचा खाडा सगळ्यांनी मिळून भरून द्यायचा. हे सगळं एका वहीत लिहिलेलं असे. आजोबा त्या खोलीबद्दल कधी हळवे होऊन बोलल्याचं मला आठवत नाही. ढेकूण आणि घोरणारे एक गृहस्थ, या दोनच विषयांवर ते रंगायचे. पण वर्गणी कुणी किती महिने थकवली होती, हे त्यांना शेवटपर्यंत पाठ होतं!

गोव्याच्या लोकांनी तर हे फार आधी आणि फार व्यवस्थित केलं होतं. त्यांची 'कुडं' धोबीतलाव, माझगाव भागात होती. प्रत्येक गावाचं आपलं कूड. बोटीवर काम करणारे खलाशी, आचारी, बँडवाले तिथे उतरत. इथेही भिंतीला लागून पेट्यांची रांग, एका बाजूला देव्हारा आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत महिनोन्‌महिने वाट बघणाऱ्या माणसाला त्या शहरात पडायला जागा आणि ओळखीचे आवाज, दोन्ही एकाच भाड्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे खानावळ. 'खानावळ' म्हटलं की आपल्याला पाटी आणि थाळीचा दर आठवतो. गिरणगावातली खानावळ म्हणजे एका बाईचं स्वयंपाकघर. दहा, पंधरा, वीस गडी महिन्याच्या हिशेबाने तिच्याकडे जेवत. प्रत्येकाची पाळी तिला माहीत, कोण तिखट खातो ते माहीत, आणि दोन दिवस आला नाही तर का आला नाही याची चौकशी तीच पहिल्यांदा करणार. यातल्या कितीतरी बायका विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, किंवा नवऱ्याचा पगार पुरत नाही म्हणून चूल वाढवलेल्या होत्या. पगार महिन्याने, पण वाण्याचे पैसे आधी. त्यामुळे त्या कायम सावकाराच्या तावडीत. गिरण्या संपावर गेल्या की जेवणारे उधारीवर जेवायचे आणि कर्ज हिच्या डोक्यावर चढायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठी. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेही गहाण टाकायला काही नसताना. गिरणगावाच्या इतिहासात संप आणि पुढारी पुष्कळ येतात. माझ्या मते त्या शहराला माणसात ठेवण्याचं काम ज्यांनी केलं त्यात या खानावळवाल्या पहिल्या रांगेत बसतात, आणि त्यांची नावं फारशी कुठे नाहीत.

आता हे वाचून कुणाला 'काय ते दिवस होते' असं वाटत असेल तर जरा थांबा. गावाची खोली म्हणजे बहुतेक वेळा जातीची खोली. खानावळीत कोण पंगतीला बसणार हे ठरलेलं. गिरणीतसुद्धा विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना तो विटाळ वाटे. विणकाम हेच जास्त पगाराचं खातं. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे करमण्याची सोय होती, पण ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे नव्हे, ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणे. बीडीडी चाळींमध्येही वस्ती अशीच वाटली गेली.

शिवाय ही सगळी सोय कामाला जोडलेली. काम संपलं की मुंबई संपली. नारायण सुर्व्यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते : गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला ते तान्हे असताना रस्त्यावर सापडले आणि त्याने त्यांना वाढवलं. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. १९३६ मध्ये गंगाराम सुर्वे गिरणीतून निवृत्त झाले आणि नारायणच्या हातावर दहा रुपये ठेवून कोकणात आपल्या गावी निघून गेले. पोरगा तेव्हा दहा वर्षांचा. यात गंगारामांना वाईट ठरवणं मला पटत नाही. व्यवस्थाच अशी होती की पगार थांबला की खोलीवरचा हक्कही थांबे.

आणि गावातल्या बायका? १९२१ च्या मुंबईत ज्या बायका मोजल्या गेल्या नाहीत त्या कुठेतरी मोजल्या गेल्याच असणार ना. रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त, हे आजही संपलेलं नाही. २००१ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११३६ बायका, २०११ मध्ये ११२२. यावरून जिल्ह्याचं कौतुक करणारे लोक मी पाहिलेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की हा आकडा मुली वाचल्याचा जितका आहे त्याहून जास्त पुरुष निघून गेल्याचा आहे.

माझी आजी आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात तिला विचारलं, "आजोबा मुंबईला असताना तुला एकटं नाही वाटायचं?" तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी इंग्रजीत बोललो.

"एकटी कुठली? घरात अकरा माणसं. एकटं बसायला कोण देतंय?"

मग शेंगा सोलता सोलता तिने मनिऑर्डरचं सांगितलं. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपासाठी एक छोटं कुपन असायचं. आजोबांचं अक्षर बरं नव्हतं, त्यामुळे ते खोलीतल्या दुसऱ्याकडून लिहून घेत. आजीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे इकडे पोस्टमन वाचून दाखवी. तेही सासऱ्यांसमोर, ओटीवर. म्हणजे नवराबायकोच्या मधल्या वायरवर दोन माणसं बसलेली. अशा चॅनलवर कोण काय बोलणार? 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी, भाताचं काय झालं ते कळवावं.' पैसे मिळाल्याची पोच म्हणून तिने अंगठा उठवायचा, आणि ती पोच पुन्हा मुंबईला आजोबांच्या हातात जायची. तिच्याकडून त्यांना महिन्याला जे काही मिळायचं ते एवढंच : अंगठ्याचा ठसा.

मला आकडेमोडीची वाईट खोड आहे. त्यांचं लग्न १९५६ चं. आजोबा शिमग्याला, गणपतीला धरून वर्षाला फार तर चाळीस दिवस घरी असत. १९८२ पर्यंत सव्वीस वर्षं. सव्वीस गुणिले चाळीस, १०४०. लग्नाच्या सव्वीस वर्षांत दोघं एकत्र राहिली ती पुरती तीन वर्षंही नाहीत. हे मी आजीला सांगितलं नाही. तिला हिशेब माहीत असणारच.

'अकरा माणसांत एकटी कुठली' असं ती म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नाही. तिच्याकडे या गोष्टीला वेगळा शब्दच नव्हता. ते बोलायची परवानगी होती ती गाण्यात, ओव्यांत. अण्णाभाऊ साठे वडिलांबरोबर वाटेगावहून पायी चालत मुंबईला आले होते, त्यांना हे चांगलं ठाऊक होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गाजली. तिची सुरुवात मुंबईला आलेल्या गड्यापासून आणि मागे राहिलेल्या त्याच्या बायकोपासून होते आणि शेवटी ती महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागावर येते. राजकीय मागणी सांगायला त्यांनी हे रूपक निवडलं, कारण समोर बसलेल्या हजारो लोकांना ते समजावून सांगायची गरजच नव्हती. प्रत्येकाचं कुणीतरी गावाला राहिलेलंच होतं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. आजोबा १९८३ मध्ये 'संप मिटेपर्यंत' म्हणून गावी आले ते कायमचेच. वय पन्नासच्या आसपास. सगळे म्हणाले, चला, आता तरी संसार होईल.

आजोबांना गावात करमेना. पंचवीस-तीस वर्षं घर, शेत, गोठा, देणी-घेणी सगळं आजीने चालवलेलं, त्यात यांना हात घालायला जागाच नव्हती. मीठ कुठे असतं हे विचारावं लागायचं. पहाटे पाळीच्या वेळेला जाग यायची आणि करायला काही नसायचं. संध्याकाळी मुंबईची एसटी यायच्या सुमाराला ते फाट्यावर जाऊन बसत, कोण उतरतंय ते बघायला. आई सांगते, बोलायला खोलीतला कुणी जुना सोबती भेटला की त्यांचा आवाजच बदलायचा. आजीचं म्हणणं एका वाक्यात : "माणूस आला, पण पाहुणा आला." त्यानंतर २००९ पर्यंत, म्हणजे सव्वीसच वर्षं, ती दोघं एका घरात राहिली. हळूहळू जमलं असावं, असं मला वाटतं. शेवटी शेवटी सुपारी आजी कातरायची आणि अडकित्ता कुठे ठेवलाय यावरून दोघं भांडायची, हे मी स्वतः बघितलंय.

मी राहतो पुण्यात, वाकडला. फ्लॅटमध्ये आम्ही तिघे. पाळ्याही आहेत, फक्त त्यांना टाइमझोन म्हणतात. आजोबांच्या खोलीत दर माणशी बारा चौरस फूट यायचे, मला स्वतंत्र बाथरूम आहे. आमच्या फ्रीजमध्ये दुधाच्या तीन पिशव्या असतात, तिघांच्या तीन. डबा ॲपवरून येतो. तो आणणाऱ्याला माझं नाव दिसतं आणि मला त्याचं, मॅपवर तो वळण चुकला तर तेही दिसतं, पण मी दोन दिवस मागवलं नाही तर 'का रे आला नाहीस' म्हणणारं त्या यंत्रणेत कुणी नाही. (कुपनचं नोटिफिकेशन येतं. ते धरायचं का?) जातीची पंगत नको, ढेकूण नको, हे सगळं कबूल. पण ती वर्गणीची वही मला हवीशी वाटते. गावी गेलो तरी भरावी लागणारी.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये सुमारे ऐंशी हजारांनी घटली, सिंधुदुर्गाचीही घटली. आता नुसते पुरुष जात नाहीत, अख्खी कुटुंबं जातात आणि मागे म्हातारी माणसं राहतात. आमच्या वाडीत बावीस घरं आहेत, त्यातली तेरा गणपतीपुरती उघडतात. शिवडीची ती खोली अजून आहे. चाळ पाडायचं चाललंय आणि खोली गावाच्या नावावर असल्यामुळे मिळणारा फ्लॅट कुणाच्या नावावर करायचा, यावरून दोन वर्षं बैठका होतायत. सध्या तिथे गावचे पाच जण राहतात : दोघे सिक्युरिटीत, एक कुरिअरमध्ये, दोघे पोलीस भरतीची तयारी करतायत. भाडं अजून नोकरी लागल्यावरच सुरू होतं.